करडईच्या तेलाचा साबण

तेल + कॉस्टिक सोडा = साबण + ग्लिसरीन. दहावीच्या विज्ञानातला दोन मार्कांचा प्रश्न. परीक्षा झाली, विसरलो. पण या समीकरणात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली आहे: तेल, पण कोणतं? कागदावर कुठलंही तेल चालतं. प्रत्यक्षात साबणाचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. मोठमोठ्या कंपन्या त्यावर उभ्या राहिल्या, गांधीजींच्या ग्रामोद्योगाला त्याला तोंड द्यावं लागलं, १९८३ साली देशभर गदारोळ झाला त्यातही त्याचा धागा आहे. आणि पालम तालुक्यातल्या एका बचत गटालाही परवा नेमका हाच प्रश्न पडला.

पालम म्हणजे परभणी जिल्ह्यातलं. पुण्यात कुणाला सांगायचं झालं तर मी "गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागतं" असं सांगतो, आणि समोरच्याला गंगाखेडही माहीत नसतं. :-) असो. पूर्वी हे गाव गंगाखेड तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुका आहे. गोदाकाठची काळी जमीन. ज्वारी, कापूस, तूर, गेल्या काही वर्षांत सोयाबीनच सोयाबीन. आमच्याकडच्या ओळखीतल्या बायकांच्या बचत गटाने हाताने केलेला साबण विकायचा ठरवला. ट्रेनिंगमध्ये त्यांना खोबरेल आणि पाम तेलाची कृती शिकवली गेली. त्यावर त्यांचा सवाल सरळ होता, "दादा, आपल्याकडं करडई हाय, भुईमूग हाय, जवस हाय. मग तेल इकत कशाला आणायचं?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. उत्तर शोधताना माझे तीन वीकेंड गेले. ते उत्तर म्हणजे हा लेख.

आधी थोडं रसायनशास्त्र, म्हणजे पुढचा इतिहास समजेल. तेल असो वा चरबी, ती बनते मेदाम्लांपासून, म्हणजे फॅटी अ‍ॅसिडपासून. हे शोधलं मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. त्याचा ग्रंथ १८२३ साली आला. त्याआधी हजारो वर्षं लोक साबण करत होते, पण आत काय घडतंय हे कुणाला ठाऊक नव्हतं. साबणवाल्याच्या दृष्टीने मेदाम्लांची तीन घराणी पुरतात. पहिलं घराणं लॉरिक आणि मिरिस्टिक, म्हणजे खोबरेल. साबण कडक होतो, भरपूर फेस येतो, पण जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. दुसरं पामिटिक आणि स्टिअरिक, म्हणजे जनावरांची चरबी किंवा पाम. वडी टणक, लवकर झिजत नाही, फेस मलईसारखा. तिसरं ओलिइक आणि लिनोलिइक, म्हणजे आपली रोजच्या फोडणीची तेलं. साबण कातडीला सौम्य, पण मऊ. त्यातही लिनोलिइक जास्त असलं की वडी काही महिन्यांत खवट होते आणि तिच्यावर नारिंगी डाग पडतात.

चांगल्या वडीत या तिघांचा समतोल लागतो. तो मोजायला साबणवाल्यांनी एक ठोकताळा काढला, त्याला आयएनएस म्हणतात. तेलाच्या साबणीकरणाच्या आकड्यातून आयोडीनचा आकडा वजा करायचा. आयोडीनचा आकडा म्हणजे तेल किती 'पातळ' स्वभावाचं आहे त्याचं माप. वजाबाकी जितकी मोठी, तितका साबण कडक. साधारण १३६ ते १६५ च्या दरम्यान आकडा आला की वडी बरी होते. ठोकताळाच आहे, वेदवाक्य नाही. पण आकडे बघा:

खोबरेल २५८. जनावराची चरबी १४७. पाम १४५. कडुनिंब १२४. शेंगदाणा ९९. एरंडी ९५. सरकी ८९. तीळ ८१. सोयाबीन ६१. करडई ४७. आणि जवस... उणे ६!

हे आकडे एका कागदावर लिहून काढले तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. पालमच्या शिवारात जे जे तेलबी पिकतं, ते सगळं शंभराच्या खाली. जे शंभराच्या वर आहे त्यातलं एकटं कडुनिंब आपलं. बाकी सगळं दुसरीकडचं. आमच्या भाषेत सांगायचं तर लोकल बिल्ड बाहेरच्या डिपेंडन्सीशिवाय पास होत नाही.

आता मागे जाऊ. आपल्या भागात साबण हा प्रकारच उशिरा आला. शब्द अरबी-फारसी 'साबून'वरून आलेला. त्याआधी अंगाला बेसन, डोक्याला शिकेकाई आणि रिठा, भांड्यांना राख, आणि कपड्यांना परटाची भट्टी. परीट भट्टीत वापरायचा तो खार. गंमत म्हणजे साबणाला लागणारा हा खार, म्हणजे समीकरणातली दुसरी बाजू, आपल्या शेजारीच होती. जिंतूरच्या पलीकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. त्याचं पाणी इतकं खारं की काठावर सोड्याचे थर जमतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत लोणारच्या परिसराबद्दल नोंद आहे की काच आणि साबण करायला लागणारं साहित्य इथे मिळतं. हा सोडा आणि कळीचा चुना एकत्र उकळला की कॉस्टिक तयार होतं. म्हणजे अल्कली होती, तेलही होतं. नव्हता तो कडक साबण देणारा स्निग्ध पदार्थ. जनावराची चरबी होती, पण ती अंगाला लावायला कोण तयार होणार?

भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी हे कोडं वेगळ्या तऱ्हेने सोडवलं. त्यांच्याकडे ऑलिव्ह. त्याचा आयएनएस साधारण १०५, म्हणजे आपल्या शेंगदाण्याच्या जवळपासच! तरीही अलेप्पो आणि मार्सेयचे साबण जगभर गेले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८८ साली चक्क राजाज्ञा निघाली की मार्सेयच्या साबणात ऑलिव्हशिवाय दुसरं तेल घालायचं नाही. मग तो कडक कसा व्हायचा? वेळ देऊन. मोठ्या कढयांत उकळून, खाऱ्या पाण्याने साफ करून वड्या आठवडेच्या आठवडे, अलेप्पोला तर महिनेच्या महिने सुकत ठेवायचे. ऑलिव्हमध्ये ओलिइक जास्त आणि लिनोलिइक कमी, त्यामुळे इतके दिवस राहूनही तो सहसा खवटत नाही. करडईचं नेमकं उलटं आहे. तिच्यात लिनोलिइक ७५ टक्क्यांच्या आसपास. ती वाट बघू देत नाही.

या सगळ्याला वळण दिलं विल्यम लिव्हरने. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याने सनलाइट साबण काढला, त्याची कृती साबणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे: खोबरेल किंवा पामच्या गरातलं तेल सुमारे ४२ टक्के, चरबी २५, सरकीचं तेल २४ आणि राळ साडेनऊ. आता वरचे आकडे पुन्हा आठवा. खोबरेल फेसासाठी, चरबी टणकपणासाठी, सरकी सौम्यपणासाठी आणि स्वस्त पडावं म्हणून. तिन्ही घराणी एका कढईत! पण नीट पाहिलं तर ही नुसती कृती नाही, तो साम्राज्याचा नकाशा आहे. खोबरं आणि पाम उष्ण प्रदेशातून, सरकी कापसाच्या मुलखातून. समतोल इंग्लंडात साधला, कारण सगळ्या दिशांची तेलं तिथल्या बंदरात उतरत होती. १८८८ साली या साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. ज्यांच्या मुलखातून खोबरं आणि सरकी बाहेर जात होती, त्यांनाच वडी विकत मिळायला लागली.

पण त्या वडीत चरबी होती, आणि इथे ती अडचण होती. ही जागा हेरली मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांनी. कुलपांच्या धंद्यात जम बसल्यावर १९१८-१९ च्या सुमारास त्यांनी निव्वळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला, नाव 'चावी'. पुढे 'नंबर २' आला आणि त्यानंतर 'नंबर १'. आधी दोन मग एक का? तर दोन नंबर जर इतका चांगला, तर एक नंबर किती चांगला असेल असं लोकांना वाटावं म्हणून, असा किस्सा सांगतात. मार्केटिंग तेव्हाही होतं. :-) वनस्पती तेलांचा साबण जगात पहिल्यांदाच झाला असं काही नाही, मार्सेयवाले आधीपासून होतेच. पण स्वदेशीच्या काळात 'चरबी नाही' या शब्दांना इथे वजन होतं. चरबी काढल्यावर कडकपणा आणायला हुकमी होतं ते खोबरेल. त्याच सुमारास, १९१७ साली, टाटा ऑईल मिल्स कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना कोचीनजवळ, खोबऱ्याच्या मुलखात. स्वदेशी साबण देशी झाला, पण तो किनारपट्टीचा झाला. गोदाकाठाला त्यात जागा नव्हती.

आता एक वर्ष लक्षात ठेवा: १९३४. त्या वर्षी ऑक्टोबरात लिव्हरने मुंबईत शिवडीला साबणाचं उत्पादन सुरू केलं. तिथे त्यांचा वनस्पती तुपाचा कारखाना १९३२ पासून होताच. शेजारशेजार असण्यात फायदा होता. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायची पद्धत काढली होती. ती आली आणि तेलाच्या जन्मजात स्वभावाचा प्रश्नच मिटला. पातळ तेल घ्या, निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन घाला, हवं तितकं कडक करा. करडईसुद्धा! फक्त त्यासाठी उच्च दाबाची यंत्रं हवीत. ती पालमच्या तेल्याकडे कुठून येणार?

आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीजींची कल्पना, जमनालाल बजाजांनी दिलेली मगनवाडीची जागा, आणि सूत्रं जे. सी. कुमारप्पांच्या हातात. कुमारप्पा कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले. अर्थशास्त्र कोळून प्यायलेला हा माणूस घाणी, हातकागद, मधमाश्या आणि साबण यांत रमला. त्यांच्या विचाराचा गाभा असा की गावातल्या कच्च्या मालाची वस्तू गावातच व्हावी, आणि जमिनीतून आधी पोट भरावं, कारखान्याची भूक नंतर. साबणाला हे लावलं की अवघड गणित समोर येतं. गावातलं चांगलं तेल माणसाने खायचं की अंगाला फासून मोरीत सोडायचं?

यातूनच अखाद्य तेलांचा आग्रह धरला गेला. कडुनिंब, करंज, मोह, कोकणातली उंडी. झाडं कुणी मुद्दाम लावत नाही, बिया खाली पडून कुजतात, त्या गोळा करा आणि साबण करा. पुढे १९५७ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोग कामाला लागला, तेव्हा 'अखाद्य तेल आणि साबण' हा त्याचा एक स्वतंत्र उद्योगच होता. मुद्दा बिनतोड होता. खादी भांडारात कडुनिंबाचा साबण आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मग तो घरोघरी का गेला नाही? कारणं तेलातच आहेत. लिंबोळ्या पावसाच्या तोंडावर पडतात, ओल्या राहिल्या की तेलातली आम्लता वाढते. रंग गडद, वास उग्र. पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधकांनीही कडुनिंब, करंज, साल, भाताचा कोंडा अशा तेलांना साबणाच्या लायकीचं करायला वर्षानुवर्षं मेहनत घेतली. त्यांच्याकडे तेलाचा रंग-वास काढायची यंत्रं होती. गावाकडे नव्हती. म्हणजे गावाचं तेल वापरण्यात यश आलं, तेही कारखान्यालाच.

मराठवाडा या काळात निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, तोवर शिवडी हे दुसऱ्या राज्यातलं आणि वर्धाही. आमच्या भागात साबण आला तो बाजारातून, वेष्टनात गुंडाळून. करडई मात्र शिवारातच होती. ज्वारीच्या कडेने काटेरी करडईचे तास, म्हणजे गुरं आत शिरत नाहीत आणि घरचं तेलही होतं. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, आणि तिथून 'परभणी कुसुम' हा करडईचा गाजलेला वाण आला. करडईचं तेल हृदयाला चांगलं म्हणून शहरात नावाजलं गेलं ते तिच्या लिनोलिइक आम्लामुळे. म्हणजे बघा, ताटात जे फीचर, तेच साबणात बग! तेल तेच, आम्ल तेच.

राहिला १९८३ चा गदारोळ. त्या वर्षी आयात केलेली जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याची प्रकरणं बाहेर आली. लोक भयंकर संतापले आणि सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी आणली. बातमी तुपाची होती, पण ही आयात चरबी साबणालाही लागत असे. आकड्यांच्या यादीत १४७ ची जागा रिकामी झाली. ती भरायला १४५ चं तेल होतंच: पाम. मलेशिया आणि इंडोनेशियातून येणारं. आज आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात 'सोडियम पामेट' आणि 'सोडियम पाम कर्नेलेट' लिहिलेलं असतं, त्यामागे ही कथा आहे. तिथेच 'टीएफएम' असाही आकडा सापडेल. ते एकूण मेदाम्लांचं प्रमाण: ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे पहिल्या प्रतीचा साबण, ७० म्हणजे दुसऱ्या, ६० म्हणजे तिसऱ्या. त्याहून कमी असेल तर वेष्टनावर बहुधा 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं. आपण वर्षानुवर्षं ते वाचतच नाही.

थोडक्यात काय, तर ज्याच्या हातात कडक तेल, त्याचा साबण. चरबी इंग्लंडच्या हातात होती, खोबरं किनाऱ्याच्या, हायड्रोजन कारखान्याच्या, पाम मलेशिया-इंडोनेशियाच्या. पालमच्या हातात दीडशे वर्षांत काहीच आलं नाही, असं वाटून जरा खट्टू व्हायला होतं. पण 'शंभर टक्के लोकल' हा हट्ट सोडला तर बरंच काही करता येतं. बचत गटासाठी मी आकडेमोड केली ती अशी.

एक किलो तेलं: खोबरेल ३५० ग्रॅम, कडुनिंब २५०, शेंगदाणा २५०, करडई १००, एरंडी ५०. आयएनएस येतो १५५ च्या आसपास. म्हणजे पासष्ट टक्के तेल मराठवाड्यातलं आणि तरी वडी टणक. करडई दहा टक्क्यांवर थांबवली, कारण त्याहून जास्त घेतली की खवटण्याची भीती. एरंडी थोडीच, फेस धरून ठेवायला. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं: खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३, कडुनिंबाला ०.१३९, शेंगदाणा-करडईला ०.१३६, एरंडीला ०.१२८. बेरीज १५३ ग्रॅमच्या जवळ. त्यात पाच टक्के कमी करायचं, म्हणजे १४५. तेल नैसर्गिक असतं, त्याचे आकडे थोडे मागेपुढे होतात. थोडं तेल शिल्लक राहिलेलं चालतं, कॉस्टिक शिल्लक राहिलेलं चालत नाही. पाणी साधारण ३२० ग्रॅम. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं अजिबात नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वड्या चार ते सहा आठवडे सुकवायच्या. वाटी-चमच्याचं माप चालणार नाही, वजनकाटाच लागेल.

हे गणित फोनवर सांगितलं तेव्हा गटातल्या एका काकूंनी विचारलं, "अडीचशे ग्रॅम शेंगदाण्याचं तेल? त्यात घरची किती दिवसांची भाजी होते ठाऊक हाय का तुला?"

इथे मला कुमारप्पांचा मुद्दा खऱ्या अर्थाने समजला. आजही आपला देश खायचं निम्म्याहून जास्त तेल आयात करतो. पालमचं शेंगदाणा तेल साबणात घालून पुण्याला महाग वडी म्हणून विकायचं, आणि घरात फोडणीला आयात पामची पिशवी आणायची, हा कसला स्वावलंबी साबण? कडकपणा आणि सौम्यपणा ही दोन पारडी सगळ्या पुस्तकांत आहेत. तिसरं पारडं ताटाचं आहे, आणि ते आयएनएसमध्ये मोजलं जात नाही.

शेंगदाण्याच्या जागी करंज घेता येतं. त्याला कॉस्टिक थोडं कमी लागतं, म्हणजे हिशेब पुन्हा मांडायचा. रंग तपकिरी येईल, वास राहील, नाकं मुरडणारे मुरडतील. ही वडी अंगापेक्षा कपड्यांना आणि हात धुवायला जास्त शोभेल. पण ती विकताना कुठलं तेल कुठून आणि का आलं हे वेष्टनावर खरंखरं लिहिता येईल. लिंबोळ्यांना सध्या गिऱ्हाईकही आहे. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं, त्यामुळे बांधावरच्या लिंबोळीला बाजार आला. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: लिंबोळी विकून पैसे करायचे की तेल काढून साबण? ते गणित मी मांडू शकतो, पण निर्णय माझा नाही. तो ज्यांना सकाळी उठून झाडाखाली वेचायला जायचंय, त्यांचा.

पहिला घाणा झाला, वड्या सध्या सुकताहेत. खोबरेल बाहेरचंच आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. लिव्हरनेही सगळं बाहेरूनच आणलं होतं. फरक इतकाच की या वेळी कोणतं तेल कढईत जाईल आणि कोणतं ताटात राहील, हे पालमच्या बायकांनी ठरवलंय.